दांडीच्या फ्लॅशमधला निकेल-कॅडमियम पॅक मेलाय: सेल बदलू की फ्लॅशच?

जुनीलेन्स

नमस्कार मंडळी,

कॅमेऱ्याच्या बाजूला दांडीवर बसतो तसला एक जुना फ्लॅश मामाकडून माझ्याकडे आलाय. दांडीत खालून सरकवायचा पॅक आहे. त्यावर छापलंय: निकेल-कॅडमियम, ७.२ व्होल्ट, ५०० एमएएच (म्हणजे क्षमता). सोबत त्याचा चार्जर, त्यावर ५० मिलिअँपिअर, १४ तास.

रात्रभर चार्जिंगला लावला. चालू केल्यावर कुंईं आवाज चढायला लागतो, मग मध्येच त्याला दम लागतो आणि तो खाली येतो. रेडीचा दिवा काही पेटत नाही. पॅक काढून मल्टिमीटर लावला तर ४.९ व्होल्ट. तसला तयार पॅक आता मिळत नाही. आतले सेल बदलता येतील का? सोल्डरिंग थोडंफार येतं. फ्लॅशच्या आत हात घालायची मात्र भीती वाटते.

उघडझाप

भीती वाटते ते बरंय. 🙂 माझं मत विचाराल तर शोकेसमध्ये ठेवा आणि पेन्सिल सेलवर चालणारा साधा फ्लॅश घ्या.

डागकाम

उघडझाप, एवढ्यात मोडीत काढू नका हो.

४.९ हा आकडाच बरंच सांगून जातो. निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे पॅकमध्ये सहा. नुकताच चार्ज केलेला पॅक लोड नसताना साडेसातच्या पुढे दिसायला हवा. ४.९ला चाराने भागा, सव्वाच्या जवळ येतं. चार सेल वरवर तरी जिवंत आहेत आणि दोन शॉर्ट झालेत. निकेल-कॅडमियम वर्षानुवर्षं पडून राहिला की आत कॅडमियमच्या बारीक सुया वाढतात, मधल्या विभाजकातून आरपार जातात आणि सेल आतल्या आतच जोडला जातो. मोठ्या करंटचा झटका देऊन ती सुई जाळायची एक जुनी युक्ती आहे. चार दिवस चालतंही, पण सुई पुन्हा वाढते आणि झटका देताना सेल फुटूही शकतो. नादी लागू नका.

दोनच सेल बदलायचा मोहही आवरा. जुने चार आधी रिकामे होणार आणि नवे दोन त्यांच्यातून करंट ढकलत राहून त्यांची टोकं उलटी करणार. बदलायचे तर सहाच्या सहा, एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले.

पॅक सरकून बाहेर येतो हे तुमचं नशीब. फ्लॅशचं अंग उघडायची गरजच नाही, तेव्हा उघडू नका. फक्त पॅकचं प्लास्टिक सांध्यावरून हळूच सोडवा. आतल्या सेलची मापं घ्या. १४.५ मिमी व्यास आणि ५० मिमी लांबी आली तर ते नेहमीचे पेन्सिल सेल. त्याच मापाचे निकेल-मेटल हायड्राइड, थोडक्यात निमएच, बिनदिक्कत बसतात. व्होल्टेज तेच, १.२.

घेताना टॅब लावलेले सेल मागा, म्हणजे निकेलची पट्टी आधीच स्पॉट वेल्ड केलेली. सेलच्या अंगावर थेट डाग (सोल्डर) देऊ नका. पॉझिटिव्ह टोकाखाली झडप आणि प्लास्टिकचं सील असतं, ते उष्णतेने मऊ होतं. त्या क्षणी काही दिसत नाही, पण काही महिन्यांनी तिथूनच पांढरी पावडर बाहेर यायला लागते. टॅबला टॅब जोडला तर सेलला धग पोहोचत नाही.

आणि सुरुवात करण्याआधी जुन्या पॅकचा फोटो काढून ठेवा. कुठलं टोक कुठे, लाल वायर कुठे, सेलच्या मध्ये काही चपटी वस्तू चिकटवलीय का. ती तापमानावर लक्ष ठेवणारी थर्मल फ्यूज किंवा थर्मिस्टर असते, ती नव्या पॅकमध्ये तशीच परत गेली पाहिजे. उलटी पोलॅरिटी दिलीत तर फ्लॅशच्या आतल्या ऑसिलेटर सर्किटचा ट्रान्झिस्टर जातो, आणि मग अंग उघडावंच लागेल.

पांढरातोल

छान माहिती. पण डागकाम, चार्जरचं काय? निकेल-कॅडमियमच्या चार्जरवर निमएच लावू नये असं सगळीकडे वाचलंय.

डागकाम

खरा प्रश्न हाच आहे. सेल काय, तासाभरात बदलून होतात. पुढे पॅक टिकणार की नाही हे चार्जर ठरवतो.

‘लावू नये’ हे जलद चार्जरबद्दल खरं आहे. सेल भरला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं, आणि जलद चार्जर त्या उताराची वाट बघत बसलेला असतो. निकेल-कॅडमियमचा उतार ठळक, निमएचचा पुसट. जुन्या चार्जरला तो दिसतच नाही, तो रेटत राहतो, सेल भाजून निघतो.

जुनीलेन्स यांचा चार्जर त्या जातीचा नाही. ५० मिलिअँपिअर हा ५०० एमएएचचा दहावा भाग. त्याला काहीच कळत नाही, तो फक्त ठिबकतो, म्हणून १४ तास. आता त्याच्यावर २००० एमएएचचे सेल लावले तर तोच करंट चाळिसावा भाग होतो. एवढ्याशा ठिबकण्याने निमएचला इजा होत नाही. अडचण वेगळीच आहे: नुकसान धरून २८०० एमएएच भरायचे, ५० च्या वेगाने, म्हणजे ५६ तास. शनिवारच्या कार्यक्रमासाठी गुरुवारी सकाळीच लावावा लागेल!

ते परवडत नसेल तर खेळण्यातल्या विमानांना वापरतात तसला हॉबी चार्जर घ्या. सहा सेल, निमएच, १ अँपिअर लावा, दोन-सव्वादोन तासांत काम होतं. इथे सावकाश म्हणजे सुरक्षित असं समजून ०.३ अँपिअर लावू नका. फार कमी करंटला तो उतार इतका पुसट होतो की चांगला चार्जरही चुकतो. क्षमतेच्या निम्मा ते पूर्ण, यातला आकडा धरा.

खटपट्या

एवढा सगळा उपद्व्याप कशाला? सहा पेन्सिल सेलचा होल्डर पॅकच्या जागी बसतो का बघा. सेल बाहेर काढून नेहमीच्या चार्जरमध्ये चार्ज करायचे. या जातीच्या काही फ्लॅशना कंपनीच तशी टोपली द्यायची. मेट्झ ४५ ला येते, सहा पेन्सिल सेलची.

डागकाम

+१, कंपनीची टोपली मिळत असेल तर सगळ्यात आधी तीच. घरी स्प्रिंगचा होल्डर कोंबायचा असेल तर मात्र थांबा. भरताना फ्लॅश सहज ५ अँपिअर ओढतो. सहा सेलच्या होल्डरमध्ये बारा स्पर्शबिंदू. समजा प्रत्येकाचा रोध ०.०२ ओहम, सगळे मिळून ०.२४ झाले. ५ अँपिअरला १.२ व्होल्ट तिथेच गडप, म्हणजे एक अख्खा सेल. स्वस्तातल्या होल्डरच्या बारीक स्प्रिंगा यापेक्षा वाईट असतात, गरमही होतात.

अल्कलाइन सेल फ्लॅशमध्ये रडतात ते याच कारणाने. कागदावर १.५ व्होल्ट आणि भरपूर एमएएच. पण टाकी मोठी आणि नळ बारीक. आतला रोध जास्त असल्याने ओढ लागली की व्होल्टेज बसतं. निमएच १.२ चा असून त्याच फ्लॅशला लवकर भरतो.

जुनीलेन्स

डागकाम, खूप आभार. होल्डर बसणार नाही, जागा अगदी मोजून मापून आहे. टॅबवाले सेल मागवतो. २००० चे घेऊ की २६०० चे?

डागकाम

२००० चे, कमी सेल्फ-डिस्चार्जवाले. सान्योने २००५ मध्ये एनलूप आणला तेव्हापासून ही जात आहे, आता बऱ्याच कंपन्या बनवतात. जुने निमएच महिनाभर पडून राहिले की बराच चार्ज गमावायचे, हे वर्षभरानेही कामाचे असतात. जास्त एमएएच कोंबलेल्या सेलचं आयुष्य कमी. एनलूपचे कंपनीचेच दावे बघा: साधा २१०० वेळा चार्ज होतो, जास्त क्षमतेचा प्रो ५०० वेळा.

अजून एक. पॅक चौपट झाला म्हणजे फ्लॅश चौपट वेगाने भरत नाही, फक्त जास्त वेळ चालतो. आणि त्यातच धोका आहे. आधी पॅक संपायचा, तीच फ्लॅशची विश्रांती होती. आता तो संपत नाही म्हणून फुल पॉवरवर धडाधड मारत बसलात तर ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर तापतील. दहा-पंधरा फुल पॉवर झाले की थोडा दम खाऊ द्या.

मंदप्रकाश

धागा थोडा वळवतोय, माफ करा. माझ्याकडे छोटा फ्लॅश आहे, खिशात मावेल असा. त्यात सेल बाहेर येतच नाहीत. मागे सरळ भिंतीत खुपसायच्या पिना आहेत. म्हणजे सेल आतच सोल्डर केलेले असणार ना? तो उघडायचा तर काय काळजी घ्यावी?

डागकाम

हो, आतच. आणि त्याच्या शेजारीच फ्लॅशसाठी चार्ज साठवणारा तो जाडजूड कपॅसिटर.

हे नीट वाचा. बॅटरीचं ६-७ व्होल्टचं डीसी आतला ऑसिलेटर तोडतो (तुम्ही ऐकता तो कुंईं आवाज त्याचाच), ट्रान्सफॉर्मर ते चढवतो आणि ३०० ते ३५० व्होल्टला मुख्य कपॅसिटर भरतो. १००० मायक्रोफॅरड, ३३० व्होल्ट धरले तर ५४ ज्यूल. हाताला लागून छातीतून गेलं तर जीव जायला पुरेसं. बॅटरी काढली, स्विच बंद केला, तरी ते तिथेच असतं, काही वेळा दिवसेंदिवस. तुमच्या फ्लॅशला मेनची पिन आहे, तेव्हा ती सुटलेली हवी हे तर झालंच.

बंद करण्याआधी फुल मॅन्युअलवर एक फ्लॅश मारा. ऑटोवर नको. ऑटोत थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) मध्येच उजेड तोडतो आणि बराचसा चार्ज शिल्लक ठेवतो. पण फुल मारूनही शून्य होत नाही. व्होल्टेज पन्नासच्या आसपास उतरलं की ट्यूब विझते, उरलेलं आतच.

मग उघडा. कपॅसिटरच्या दोन पायांवर २.२ किलोओहम, १० वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर टेकवायचा. त्याच्या वायरी इन्सुलेटेड हव्यात, टोकं फक्त उघडी. एक हात खिशात. १००० मायक्रोफॅरडला बारा-पंधरा सेकंद पुरतात, मी अर्धा मिनिट धरतो. मग मीटर ६०० किंवा १००० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. २-३ व्होल्टच्या आत आलं तरच बोट घाला. पाच मिनिटांनी परत मोजा, कारण कपॅसिटरमध्ये थोडं व्होल्टेज आपोआप पुन्हा उभं राहतं. काम संपेपर्यंत रेझिस्टर क्लिपने लावूनच ठेवला तर उत्तम. फक्त परत चालू करण्याआधी तो काढायला विसरू नका.

स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणारे वीर बरेच भेटतील. ठिणगीने टोक वितळतं, बोर्डचा ट्रॅक उडतो, कपॅसिटरलाही तो झटका मानवत नाही. पाव वॉटचा साधा रेझिस्टरही नको, तो फाटकन जळतो आणि तुम्हाला वाटतं रिकामा झाला.

मंदप्रकाश

बाप रे. मित्र दुरुस्तीचं काम करतो, त्याच्याकडेच नेतो.

खटपट्या

शहाणे आहात. आणि त्यालाही हा प्रतिसाद दाखवा. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला हे माहीत असतं, पण फक्त मोबाइल उघडणाऱ्याच्या हाताला ३०० व्होल्टची सवय नसते.

पांढरातोल

माझा प्रश्न नव्या जमान्यातला. लिथियम-आयन पॅकचा फ्लॅश आहे, पॅक थोडा फुगलाय. सरकवताना घासतो. आतले सेल बदलून मिळतात म्हणे. करावं का?

डागकाम

फुगला म्हणजे त्याची सेवा संपली. आजपासून वापर बंद, चार्जिंग बंद. टोचू नका, दाबून बसवू नका, ई-कचऱ्यात वेगळा द्या.

सेल बदलण्याच्या मी विरोधात आहे, निदान घरी तरी. हिशेब बघा. ७५ ज्यूल दीड सेकंदात भरायचे म्हणजे ५० वॉट, कन्व्हर्टरमधली गळती धरून ७०-८०. ११ व्होल्टच्या पॅकमधून ६-७ अँपिअर झाले, तेही पुन्हा पुन्हा. पॉवर बँकेतून उपटलेले सेल हे झेलत नाहीत. वर आत संरक्षणाची पाटी (सर्किट बोर्ड) असते. काही पाट्या सेल सुटले की लॉक होतात, मग नवे सेल असूनही पॅक मेलेलाच. हा पॅक बाजारात मिळतो, नवा घ्या. निकेलवाला पॅक चुकला तर पावडर येते, हा चुकला तर आग लागते.

घेताना मॉडेल नीट जुळवा. एकाच नावाच्या पुढच्या आवृत्तीत व्होल्टेज बदलतं. गोडॉक्स व्ही८६० च्या दुसऱ्या आवृत्तीचा पॅक ११.१ व्होल्टचा, तिसरीचा ७.२ चा. नाव बघून एकाचा दुसऱ्याला घ्यायला जाऊ नका.

उघडझाप

मग पेन्सिल सेलच्या मापाचे ते लिथियमचे रिचार्जेबल? १.५ व्होल्टचे, यूएसबीवर चार्ज होणारे. त्यांनी सगळे प्रश्न सुटतात की.

खटपट्या

नाही सुटत. त्यांच्या पोटात ३.७ चा सेल आणि वर व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं. बरीचशी सर्किटं २ अँपिअरच्या आसपास हात टेकतात. फ्लॅशने जोरात ओढलं की एक तर फ्लॅश पुन्हा भरणं (रिसायकल) रेंगाळतं, नाहीतर सेल सरळ बंद होतो. रिमोटला, घड्याळाला ठीक. आणि त्याच मापात ३.७ व्होल्टचे नुसते सेलही मिळतात, १४५०० नावाचे. ते चुकूनही घालू नका. चार घातले तर सहाच्या जागी पंधरा व्होल्ट.

जुनीलेन्स

सेल आले, काम झालं. सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल.

पॅकच्या सांध्यावर केस वाळवायचा ड्रायर फिरवला, मग पातळ प्लास्टिकच्या कार्डाने फट वाढवत नेली. आत सहा सेल, तीन-तीनच्या दोन ओळी, पिवळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात. एकेक मोजला: १.२४, १.२२, ०.००, १.२३, ०.०१, १.२१. डागकाम, तुमचा हिशेब तंतोतंत. मेलेल्या दोघांच्या टोकांवर पांढरा थर आणि तांब्याच्या वायरीपाशी हिरवट-निळी बुरशी. एका ओळीच्या मध्ये कागदात गुंडाळलेला चपटा तुकडा होता. त्यातून मीटरवर सलग वाहतंय, म्हणजे थर्मल फ्यूजच. तो जपून काढला आणि नव्या ओळीत त्याच जागी घातला. त्याला डाग देताना पाय चिमट्यात धरला, नाहीतर सोल्डरच्या धगीनेच तो उडाला असता.

पॅकच्या बाहेरच्या पितळी पट्ट्याही काळवंडल्या होत्या. कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून पुसल्या, थोडा फेस आला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग चकचकीत होईपर्यंत खोडरबर. जुने सेल हातमोजे घालून पिशवीत बंद केलेत, ई-कचऱ्याला देतोय.

चार्ज केल्यावर पॅक ८.४ व्होल्ट. फ्लॅशमध्ये घालू की आणखी काही बघायचं राहिलंय?

डागकाम

सुरेख काम. व्हिनेगर बरोबर, तो थर अल्कलीचा असतो.

घाला, पण पहिल्याच दिवशी फुल पॉवरचा मारा करू नका. तुमचा पॅक मेला होता म्हणजे मुख्य कपॅसिटरही बरीच वर्षं पूर्ण भरलेला नाही. त्याच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो, गळती वाढते. त्याला पुन्हा वळणावर आणावं लागतं. चालू करा, कुंईं आवाज चढू द्या, रेडीचा दिवा लागला की फ्लॅश न मारता बंद करा. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. असं काही वेळा झालं की चालू ठेवून दहा मिनिटं तसाच राहू द्या. आवाज वरच्यावर परत येत असेल तर गळती अजून आहे. हळूहळू त्यातलं अंतर वाढायला हवं. कपॅसिटर गरम लागला, वास आला किंवा फुसफुस ऐकू आली तर ताबडतोब बंद. नंतरही दर दोन-तीन महिन्यांनी दहा मिनिटं चालू करत जा.

जुनीलेन्स

केलं तसंच. पहिल्यांदा दिवा पेटायला बराच वेळ लागला आणि आवाज दर काही सेकंदांनी परत यायचा. आज संध्याकाळपर्यंत दिवा सात-आठ सेकंदांत पेटतोय आणि आवाज मिनिटभर गप्प. उजेड तर असा की भिंतीवर मारला तरी डोळे दिपतात. आता डिजिटल कॅमेऱ्याला लावतो!

खटपट्या

थांबा थांबा थांबा. फ्लॅश कॅमेऱ्याला जोडणाऱ्या सिंक वायरीवर किती व्होल्ट आहेत ते मोजलंत का?

डागकाम

खटपट्या, वेळेवर अडवलंस बघ.

जुन्या फ्लॅशमध्ये ट्रिगरचं व्होल्टेज सरळ कॅमेऱ्याच्या संपर्कावर येतं. फिल्म कॅमेऱ्यात तिथे यांत्रिक स्विच होता, त्याला फरक पडत नव्हता. डिजिटलमध्ये तिथे इलेक्ट्रॉनिक स्विच आहे. आयएसओ १०३३० या मानकात २४ व्होल्टची मर्यादा आहे. काही कॅमेरे २५० पर्यंत सोसतात, काही जेमतेम ६. तुमच्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल बघा.

मोजायचं सोपं आहे. फ्लॅश पूर्ण भरू द्या, रेडीचा दिवा लागू द्या. मीटर डीसीवर. सिंक वायरीच्या मधल्या पिनला एक प्रोब, बाहेरच्या कड्याला दुसरा. प्रोब एकमेकांना लागू देऊ नका, किंवा एकच प्रोब पिन आणि कडं दोन्हींना एकदम लागू देऊ नका, नाहीतर फ्लॅश उडेल. काटेवाल्या जुन्या मीटरपेक्षा डिजिटल बरं. काट्याचं मीटर स्वतःच करंट ओढतं आणि आकडा कमी दाखवतं.

जुनीलेन्स

२१० व्होल्ट. 😳

डागकाम

मग थेट लावायचा नाही. रेडिओ ट्रिगर (फ्लॅशला बिनतारी इशारा देणारा) मध्ये घाला, पण रिसीव्हर किती व्होल्ट सोसतो ते त्याच्या माहितीपत्रकात आधी बघा. सगळे २१० झेलत नाहीत. नाहीतर ऑप्टिकल स्लेव्ह, जुन्या फ्लॅशसाठीच बनवलेला. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश चमकला की हा चमकेल. छोट्याचा प्री-फ्लॅश (खऱ्या फ्लॅशच्या आधीची चमक) तेवढा मॅन्युअलवर टाकून बंद करा, नाहीतर हा आधीच उडेल आणि फोटोत अंधार.